पुक्कोचं चामडी म्यान

पुक्को म्हणजे फिनलंडमधला शिकारीचा आणि रोजच्या कामाचा छोटा चाकू, त्याच्या म्यानाला तिकडे तुप्पी म्हणतात. पातं साधारण 7 ते 10 सेंमी, मुठीला आडवा गार्ड नाही, आणि म्यान इतकं खोल की अर्ध्याहून जास्त मूठ आत जाते. बटणाची पट्टी बहुतेक वेळा नसतेच, चाकू धरून ठेवायचं सगळं काम मुठीवर घट्ट बसलेलं चामडं करतं. म्हणजे माप पात्याचं नाही तर मुठीचं महत्त्वाचं, आणि नवशिके नेमकं इथेच उलटं करतात.

चाकूला म्यान ही कल्पना खूपच जुनी. 1991 साली आल्प्समध्ये सापडलेल्या ओत्झी या हिममानवाकडे (अंदाजे इ.स.पू. 3300) गारगोटीच्या पात्याची सुरी होती, पण तिचं म्यान लिंडन झाडाच्या सालीच्या तंतूंचं विणलेलं होतं, चामड्याचं नाही. उत्तर युरोपातल्या चामडी म्यानांचा पुरावा मुख्यतः यॉर्क, लंडन अशा शहरांच्या ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीच्या थरांतून आलाय. तिथे वनस्पतींच्या टॅनिनने (म्हणजे झाडांच्या सालीतल्या, कातडं टिकवणाऱ्या द्रव्याने) कमावलेलं चामडं टिकलं, तागाचा दोरा मात्र कुजून गेला, त्यामुळे अभ्यासकांच्या हातात बऱ्याचदा नुसती टाक्यांची भोकं येतात आणि शिवण कशी होती ते भोकांच्या दिशेवरून ठरवावं लागतं. त्यावरून दोन पद्धती दिसतात. जुन्या म्यानांत चामड्याची घडी पात्याच्या पाठीकडे आणि शिवण किंवा रिव्हेट धारेच्या बाजूला असायचे. नंतर, बहुधा 12व्या-13व्या शतकाच्या आसपास, शिवण मागच्या बाजूला मधोमध आली. यात सुई चामड्याच्या आतल्या बाजूने शिरून कडेच्या जाडीतून बाहेर येते, दोन्ही कडा एकमेकींना टेकतात आणि पुढून टाका दिसतच नाही. पुक्कोचं म्यान या दुसऱ्या घराण्यातलं. आता ही मागची शिवण फिनलंडला पश्चिमेकडच्या शहरी कारागिरांकडून गेली की तिथल्याच जुन्या, ब्राँझच्या पत्र्यांनी मढवलेल्या लोहयुगीन म्यानांतून वाढली यावर एकमत नाही. शिवणीचं साम्य पाहता पहिलं मत जास्त पटतं, पण खोल म्यानाची सवय स्थानिक असू शकते.

यापेक्षा मोठा वाद चामडं कडक करण्याचा. मध्ययुगीन युरोपात म्यानं, पेट्या, चिलखतं यांच्यासाठी 'क्वीर बुई' म्हणजे उकळलेलं चामडं वापरायचे असं जुने ग्रंथ सांगतात, पण खरंच उकळत होते का? टॅनिनने कमावलेलं चामडं साधारण 70 ते 85 अंश सेल्सिअसला आकसायला लागतं, उकळत्या पाण्यात तर बघता बघता गोळा होतं आणि वाळल्यावर ठिसूळ बनतं, चिलखताच्या तुकड्याला हे कदाचित चालेल पण मापात बसणाऱ्या म्यानाला अजिबात नाही. काहींच्या मते गरम मेणात बुडवायचे, काहींच्या मते मुळात न कमावलेलं कच्चं कातडं वापरायचे. ब्रिटिश चर्मकला-अभ्यासक जॉन वॉटरर यांचं म्हणणं साधं होतं, चामडं थंड पाण्यात पूर्ण भिजवायचं, साच्यावर बसवायचं आणि मध्यम उष्णतेत वाळवायचं. म्यानांपुरतं तरी हेच सगळ्यात खरं वाटतं, कारण पुक्कोचे कारागीर आजही जवळपास हेच करतात.

त्यासाठी चामडं टॅनिनचंच हवं. क्रोमने म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं भिजवून कितीही दाबलं तरी वाळल्यावर परत मऊ पडतं. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं, फक्त तळव्याचं जाड असतं आणि इथे 2 ते 2.5 मिमी पुरतं. आधी पात्यासाठी लाकडाचा पोकळ साचा करतात, त्याला लेस्ता म्हणतात, तो म्यानात कायमचा राहतो आणि धारेपासून टाके वाचवतो. (अमेरिकन पद्धतीच्या घडीच्या म्यानात लेस्ता नसतो, तिथे हेच काम शिवणीत घातलेली चामड्याची मधली पट्टी करते.) मग मुठीला पातळ प्लास्टिक गुंडाळतात, पात्यावर लेस्ता चढवतात, आणि कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवलेलं चामडं दोघांभोवती ओढून मागून शिवतात. चामडं थोडं कमी रुंद कापायचं, म्हणजे कडा ताण देऊनच एकत्र येतात, आरीने भोकं पाडायची, दोन सुया, मेण लावलेला दोरा, टाका 3-4 मिमीचा. शिवून झालं की ओलं असतानाच हाडाच्या पट्टीने मुठीचा फुगवटा संपतो तिथे दाबून दाबून खोबण उठवतात, चाकू आत बसताना जो हलका 'टक' जाणवतो तो या खोबणीमुळे. नंतर चाकू आत ठेवूनच सावलीत वाळवायचं, हीटरजवळ अजिबात नाही. वाळताना चामडं अजून थोडं आवळतं म्हणून अनुभवी लोक प्लास्टिकचा एखादा वेढा जास्त देतात.

प्रांताप्रांताने रूप बदलतं. पश्चिम फिनलंडमधल्या काउहावाच्या म्यानांवर पितळी पट्ट्या आणि लाल-काळा रंग, तिथे चाकूचे कारागीर इसाक्की यार्वेनपा यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस पुक्कोचा धंदा नावारूपाला आणला. एकाच म्यानात दोन चाकू मावतील अशी जोड म्यानंही होतात. पूर्वेला कारेलियाकडे बर्च झाडाच्या सालीची, आणि उत्तरेकडच्या सामी या मूळ रहिवासी लोकांत रेनडिअरच्या शिंगाचं टोक लावलेली.

शिकारीत रक्त आणि ओल आत जाते आणि लेस्ता ती धरून ठेवतो, म्हणून कारखान्यातल्या म्यानांत हल्ली प्लास्टिकचा लेस्ता येतो. बाहेरून मधमाशीचं मेण चोळलं तर चालतं, पण तेलात मुरवलं की चामडं सैल पडून मुठीवरची पकड जाते. टॅनिन आम्लधर्मी असल्यामुळे कार्बन स्टीलचं पातं म्यानात महिनोन्‌महिने ठेवलं तर डागतं आणि पितळेवर हिरवट थर चढतो, म्हणून सीझन संपला की चाकू आणि म्यान वेगवेगळे ठेवतात.