तोफा झेललेली तटबंदी 'पहिल्यासारखी' करायची?

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या डागडुजीचा विषय निघाला की हमखास मागणी येते, तट पहिल्यासारखा करा. पण पहिल्यासारखा म्हणजे कुणाच्या काळातला? किल्ला बहमनी काळातला. पुढे आदिलशाही आणि निजामशाही त्याच्यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या, मग मुघल आले, मराठे आले. 10 मे 1818 ला इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने आधी पेठ घेतली, मग किल्ल्यावर तोफा लावल्या. काही दिवसांतच पेशव्यांच्या शिबंदीने किल्ला खाली केला. शिवाय आत त्याहून जुन्या देवळाचे अवशेष आहेतच. एक काळ निवडून बाकीचे पुसले, तर लढाईची साक्षही पुसली जाते. माझ्या मते तो सोलापूरकरांवर अन्याय आहे.

हा वाद जुना आहे. फ्रान्समध्ये वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक यांनी 19व्या शतकात कार्कासोनचा कोट टोकदार छपरांसकट सजवला. इंग्लंडात कलासमीक्षक रस्किन यांनी मात्र असल्या जीर्णोद्धाराला विध्वंसच ठरवलं. आपल्याकडे 1904 मध्ये पुरातन वास्तूंचा कायदा आला, 1923 मध्ये पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांची संवर्धनाची नियमपुस्तिका. 1964 च्या व्हेनिस सनदेने, म्हणजे वास्तूंच्या संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी, तर स्पष्ट सांगितलं की अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवायचा आणि नवी भर ओळखू आली पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धाने हा नियम ताणला. वॉर्सा शहराचा जुना भाग नाझींनी ठरवून जमीनदोस्त केला, म्हणून तो जसाच्या तसा उभारला गेला. 1980 मध्ये जागतिक वारसा यादीतही आला. ज्यांचं शहर गेलं त्यांचा तो हक्कच होता. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्शे हे चर्च 1945 च्या बॉम्बवर्षावात कोसळलं, 2005 मध्ये पुन्हा उभं राहिलं. त्याच्या भिंतीत जुने काळवंडलेले दगड नव्या फिकट दगडांत आजही उठून दिसतात. मला हा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो.

आपल्या तटाला धोका वेगळाच आहे. दगडांच्या सांध्यात सिमेंट भरलं की ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुन्याचा सांधा मऊ असतो, ओल बाहेर सोडतो. झिजायचंच झालं तर दगडाआधी तो झिजतो आणि पुन्हा भरता येतो. भगदाड असेल तर भिंत ढासळणार नाही इतकाच आधार द्यावा, तोही कामाआधी फोटो आणि आराखडे काढून, निखळलेल्या दगडांवर क्रमांक टाकून.