सेकंडहँड गेम कन्सोल घेताय? पैसे देण्याआधी एवढं वाचा

“दादा, पीएस५ स्वस्तात मिळतोय, घेऊन टाकू का?” असा फोन आमच्या कन्सोल रिपेअरच्या दुकानात रोज येतो. पीएस५ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५. पंधरा दिवसांनी बऱ्याचदा त्याच नंबरवरून दुसरा फोन येतो, “घेताना मस्त चालू होता, आता खेळता खेळता बंद पडतोय.” या दोन फोनच्या मधे जी एक चूक होते, तिच्यापायी ग्राहकांचे पैसे जातात आणि आमचे दिवसच्या दिवस. म्हणून हे पत्रक काढलं.

चूक अशी, की लोक मेनू बघून पैसे देतात. विकणाऱ्याच्या घरी कन्सोल टीव्हीला लावलेलाच असतो. बीप होतं, पांढरा लाइट लागतो, पडद्यावर गेमची चित्रं येतात. पाच मिनिटं इकडेतिकडे फिरवून बघायचं, चहा घ्यायचा, पैसे ट्रान्स्फर. पण मेनूवर असताना कन्सोलला काही कामच नसतं. चिप थंड, पंखा सावकाश, पॉवर सप्लायवर लोड नाही. आतला मुख्य सर्किट बोर्ड अर्धमेला असला तरी मेनू छान दिसतो. खरा कस लागतो तो जड गेम सलग पाऊण तास चालवल्यावर. म्हणून विकणाऱ्याला फोनवरच सांगून ठेवा, की मी पाऊण तास खेळून बघणार, आणि मशीन माझ्यासमोर थंड असताना चालू करा. काही बोर्ड गरम झाले की नीट चालतात, त्रास देतात ते थंडीत चालू होताना. ज्याचं मशीन चांगलं आहे तो सहसा नाही म्हणत नाही.

गेल्या दिवाळीत दोन भाऊ चिंचवडहून पीएस५ घेऊन आले. थोरल्याच्या पहिल्या बोनसमधून धाकट्यासाठी घेतलेला. मेनू तासभर चालायचा, गेम लावली की वीस-पंचवीस मिनिटांत जास्त गरम झाल्याची सूचना आणि बंद. पीएस५ मध्ये चिप आणि तिची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या मधे उष्णता पुढे नेणारी साधी पेस्ट नसते, लिक्विड मेटल असतं, पाऱ्यासारखं चकाकणारं. कुणीतरी साफसफाई करताना ते पुसून तिथे पांढरी पेस्ट फासली होती, आणि पुसताना दोन बारीक थेंब चिपभोवतीच्या फोमपलीकडे उडाले होते. लिक्विड मेटलमधून करंट जातो. थेंब शेजारच्या एखाद्या पार्टवर बसला की बोर्ड शॉर्ट. मोहरीपेक्षा लहान असे ते दोन थेंब भिंगाखाली कापसाच्या काडीनं टिपून घ्यायला आमची अख्खी दुपार गेली. त्यांचा बोर्ड वाचला. सगळ्यांचा वाचत नाही.

“जरा पेस्ट बदलून द्या” म्हटल्यावर आम्ही पीएस५ ला लगेच हात लावत नाही, त्यामागे हेच कारण आहे. पीएस४ ची पेस्ट वाळते, ती आम्ही नेहमी बदलतो. पीएस५ मात्र खरोखर गरम होत असेल तरच खोलतो. काहींना वाटतं आम्ही काम टाळतोय. धड चाललेलं मशीन उगाच उघडून पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

मशीन आधी कुणी खोललंय का, हे तुम्हालाही कळू शकतं. पीएस५ च्या बाजूच्या पांढऱ्या प्लेटा स्क्रू ड्रायव्हरशिवाय निघतात, त्या वापरणाऱ्यानंच काढाव्यात म्हणून तशा बनवल्या आहेत. विकणाऱ्याला विचारून एक प्लेट काढा, मोबाइलचा टॉर्च मारा. पंखा दिसेल. धूळ साठण्यासाठी कंपनीनं ठेवलेली भोकंही दिसतील, ती व्हॅक्यूमनं साफ होतात. थोडी धूळ असणारच, तिला घाबरू नका. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे असतील, एखादा स्क्रू गायब असेल, तर आत कुणाचा तरी हात फिरलाय. मग कोणी खोललं, कशासाठी, हे विचारा आणि बिल मागा.

आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारं काम मात्र एचडीएमआय पोर्टचं, म्हणजे टीव्हीची केबल लागते त्या खाचेचं. टीव्ही कॅबिनेटमागे हात घालून अंधारात केबल चाचपत लावली जाते, पोरं उलटी केबल जोर लावून दाबतात, नाहीतर केबल लावलेली असतानाच कन्सोल पुढे ओढला जातो. आतल्या पिना केसासारख्या बारीक, एक वाकून शेजारचीला चिकटली की लाइट लागतो, बीप होतं, चित्र नाही. घेताना टॉर्च मारून पोर्टमध्ये बघा, सगळ्या पिना एका ओळीत सरळ दिसल्या पाहिजेत. मग केबल हलक्या हातानं किंचित हलवा. चित्र गेलं-आलं तर सावध व्हा. शक्य असेल तर ४के, म्हणजे १०८० पेक्षा जास्त बारकाईचं चित्र दाखवणाऱ्या टीव्हीवरच बघा. १०८० वर नीट दिसतं आणि ४के वर केबल बदलूनही पडदा काळा होतो, अशीही मशीनं येतात. तिथे पोर्टसोबत त्यामागची चिपही गेलेली असू शकते, आणि ते काम महाग पडतं.

डिस्कवाला कन्सोल असेल तर स्वतःची एक डिस्क खिशात घालूनच जा. डिस्क आत जाणं पुरेसं नाही, गेम इन्स्टॉल होऊन सुरू व्हायला हवी. “ड्राइव्ह खराब आहे, दुसरा टाकून घ्या, किरकोळ काम आहे” असं विकणारा बोलला तर विश्वास ठेवू नका. पहिल्या पीएस५ चा ड्राइव्ह त्याच्या मदरबोर्डशी, म्हणजे मुख्य बोर्डाशी, जोडी लावून आलेला असतो, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनचंही तसंच. दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह त्याच्या आतल्या छोट्या बोर्डासकट उचलून लावला तर डिस्क चालत नाही. ड्राइव्हचा मूळ बोर्ड जपून त्यावर बाकीचे पार्ट बदलावे लागतात, आणि मूळ बोर्डच हरवलेला असेल तर आमचाही इलाज चालत नाही. २०२३ पासून आलेल्या बारीक पीएस५ चा ड्राइव्ह बाहेरून काढता येतो, पण नवा लावल्यावर एकदा इंटरनेटवरून जोडी लावावीच लागते.

आपल्याकडच्या दोन गोष्टी परदेशी व्हिडिओत सहसा सांगत नाहीत. एक, झुरळं. पॉवर सप्लाय उबदार आणि अंधारा, झुरळांना तो फार आवडतो. जुना पीएस४ हातात घ्या, जाळीतून आत बघा, वास घ्या. काळे ठिपके किंवा कुबट वास आला तर किंमत पाडून मागा किंवा सोडून द्या. दुसरी, किनाऱ्यावरची खारी हवा. कोकण-गोव्यात पावसाळे काढलेल्या मशीनच्या पत्र्यावर गंज दिसतो, पोर्टच्या कडा तपकिरी पडलेल्या असतात. आणि जिथे लाइट सारखी येते-जाते तिथल्या मशीनचा पॉवर सप्लाय आम्ही आधी तपासतो.

कंट्रोलरचं थोडक्यात. गेममध्ये अंगठ्यानं फिरवायच्या काठीला हात न लावता बघा, कॅमेरा आपोआप सरकत असेल तर ड्रिफ्ट आहे. ते दुरुस्त होतं, फक्त किमतीत धरा. निन्टेंडोचा स्विच कन्सोल घेत असाल तर त्याचे दोन्ही जॉयकॉन, म्हणजे बाजूचे छोटे कंट्रोलर, असेच तपासा आणि चार्जिंगचा पोर्ट हलवून बघा. स्वतःच्या अकाउंटनं तिथल्या तिथे ऑनलाइन लॉगिनही करा. कंपनीनं ऑनलाइन सेवेतून बॅन केलेला कन्सोल बाकी सगळं करतो, ऑनलाइन जात नाही, आणि त्याला कुठलाच रिपेअरवाला उपाय करू शकत नाही.

हीटगन, म्हणजे गरम हवेचा झोत, मारून तात्पुरत्या चालू केलेल्या मशीनपासून लांब राहा. एक्सबॉक्स ३६० बिघडला की समोर लाल लाइटची रिंग लागायची, त्या वेळी हे फार झालं. गरम-थंड होऊन चिपच्या जोडण्या तुटायच्या, शेवटी २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. लोक टॉवेलात गुंडाळून, हीटगन मारून मशीन चालू करायचे, ते काही दिवस चालायचं आणि पुन्हा बंद. आजही बंद पीएस४ असाच ‘जिवंत’ करून विकला जातो. असं मशीन आमच्याकडे आलं तर आम्ही कामाची गॅरंटी देत नाही, हे आधीच सांगतो.

एकट्यानं तपासायची खात्री वाटत नसेल तर विकणाऱ्याला सोबत घेऊन दुकानात या. आम्ही तुमच्या दोघांसमोर पाऊण तास जड गेम चालवतो, पोर्ट भिंगाखाली दाखवतो, ड्राइव्ह आणि कंट्रोलर बघतो, आणि जे दिसलं ते कागदावर लिहून देतो. विकणाऱ्याच्या परवानगीशिवाय मशीन खोलत नाही. तपासणीचे ३०० रुपये, तुम्ही मशीन घेतलं नाही तरी. पुढे त्याच मशीनचं काम आमच्याकडे केलंत तर तेवढे बिलातून कमी करतो. “पाच मिनिटांत बघून सांगा” असं मात्र कृपया म्हणू नका. पाच मिनिटांत फक्त मेनू दिसतो, आणि तो तुम्ही आधीच पाहिलेला असतो.

येताना कन्सोलची स्वतःची पॉवर केबल, एचडीएमआय केबल आणि एक कंट्रोलर आणा. आत डिस्क अडकलेली असेल तर गाडीवरून आडवा, मांडीवर धरून आणा. शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, त्या वेळी यायचं असेल तर आधी फोन करा.