मुलांच्या पोटगीची रक्कम परस्पर संमतीने बदलायची असल्यास

विभक्त आईवडिलांनी मुलाच्या पोटगीची रक्कम आपसांत ठरवून कमी-जास्त केली आणि तसे स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीही करून घेतली, तरी न्यायालयाचा मूळ आदेश तेवढ्याने बदलत नाही. रक्कम कमी केलेली असेल, तर फरकाची थकबाकी साचत जाते आणि तिच्या वसुलीसाठी पुढे दरखास्त दाखल होऊ शकते.

त्यामुळे ठरलेली नवी रक्कम न्यायालयाच्या आदेशात आणण्यासाठी अर्ज करावा लागतो. हा अर्ज सामान्यतः मूळ आदेश देणाऱ्या न्यायालयातच करावा. आदेश हिंदू विवाह कायद्याखालील याचिकेत झाला असल्यास कलम २६ लागू होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली झाला असल्यास, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली बदल मागता येतो. नोकरी जाणे, आजारपण, मुलाचा वाढलेला शिक्षणखर्च अशी बदललेली परिस्थिती अर्जात स्पष्ट लिहावी.

अर्जासोबत मूळ आदेशाची प्रमाणित नक्कल, मुलाचा जन्मदाखला, दोघांची ओळखपत्रे, पगारपत्रके, बँकेचे उतारे, शाळेच्या फीच्या पावत्या आणि दोघांच्या सह्यांची तडजोड पुरसिस (काय ठरले ते न्यायालयाला कळवणारे लेखी निवेदन) जोडावी. पोटगीच्या प्रकरणांत मालमत्ता व देणी दाखवणारे प्रतिज्ञापत्र देण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दिले आहेत. संमती असली तरी तेही तयार ठेवावे.

खरी काळजी पुरसिसच्या मजकुरात घ्यावी लागते. ‘मुलाचा खर्च वडील करतील’ एवढ्या एका वाक्यावर पुढे वसुली करणे फार कठीण जाते. दरमहा ८,००० ऐवजी १२,००० रुपये ठरले असतील, तर ते कोणत्या महिन्यापासून, किती तारखेपर्यंत व कोणत्या खात्यात जमा होतील, दरवर्षी किती वाढतील, मागच्या थकबाकीचे काय, आणि जूनमध्ये एकदम अंगावर येणारा फी, गणवेश, वह्यापुस्तके यांचा खर्च त्यातच धरला आहे की वेगळा, हे सारे लिहिलेले असावे. ‘यापुढे मुलासाठी काहीही मागणार नाही’ अशी अट मात्र कधीही घालू नये, कारण पोटगीचा हक्क मुलाचा आहे आणि तो सोडून देण्याचा अधिकार आईवडिलांना नाही.

कौटुंबिक न्यायालयात प्रकरण विवाह समुपदेशकांकडे पाठवले जाऊ शकते. सही स्वखुशीने केली आहे का, याची न्यायाधीश दोघांकडून खात्री करून घेतात आणि रक्कम मुलाच्या हिताची आहे का, हेही पाहतात.

नवा आदेश होईपर्यंत जुन्या आदेशाएवढी रक्कम भरत राहावी, आणि पोटगी पगारातून कपात होत असल्यास नव्या आदेशाची नक्कल कार्यालयाच्या आस्थापना विभागात देऊन पोच घ्यावी.