विचारवेग, विवेक आणि बुद्धिमत्ता

विचार करण्याचा वेग, विवेक म्हणजे तर्कशुद्ध निर्णय घेण्याची वृत्ती, आणि बुद्धिमत्ता यांची रोजच्या बोलण्यात सर्रास सरमिसळ होते. वर्गात सर्वांत आधी हात वर करणारे मूल हुशार ठरते. मानसशास्त्राने मात्र हे तिन्ही गुण बरेच वेगळे असल्याचे दाखवले आहे.

वेगावरून बुद्धी मोजण्याची कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन आणि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकीन कॅटेल यांची. तिला पहिला तडाखा कॅटेलच्याच विद्यार्थ्याने दिला. क्लार्क विस्लरने 1901 मध्ये कोलंबिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे प्रतिक्रियाकाल (संकेत मिळाल्यापासून प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ) त्यांच्या अभ्यासातील गुणांशी ताडून पाहिले, तेव्हा संबंध जवळजवळ शून्य निघाला. पुढे आर्थर जेन्सन यांच्यासारख्या संशोधकांनी अधिक काटेकोर मोजमाप केल्यावर प्रतिक्रियाकाल आणि बुद्ध्यांक यांत संबंध आढळला. पण तो माफकच. वेक्सलरच्या बुद्धिमापन चाचण्यांतही प्रक्रियावेग हा बुद्ध्यांकाचा केवळ एक घटक असतो.

विवेकाचा प्रश्न याहून अवघड. कीथ स्टॅनोविच यांनी 1993 मध्ये ‘डिसरॅशनॅलिया’ ही संज्ञा मांडली : बुद्धी पुरेशी असूनही विचार आणि वर्तन अविवेकी असणे. आपल्याच मताच्या बाजूने पुरावा तोलण्याची खोड बुद्ध्यांकाबरोबर फारशी कमी होत नाही, असे त्यांना आढळले. तल्लख वकिली डोके चुकीच्या बाजूनेही तितकाच जोरकस युक्तिवाद करते, तेव्हा यात नवल नाही.

शेन फ्रेडरिक यांची 2005 सालची तीन प्रश्नांची चाचणी या संदर्भात गाजली. त्यातला एक प्रश्न असा : बॅट आणि चेंडू मिळून 1.10 डॉलरला येतात; बॅट चेंडूपेक्षा एक डॉलरने महाग; तर चेंडूची किंमत किती? चटकन सुचणारे उत्तर 10 सेंट. मग बॅट 1.10 ची होते आणि बेरीज 1.20 वर जाते. बरोबर उत्तर 5 सेंट. गणित शाळकरी आहे, अडते ते सुचलेले उत्तर तपासण्यापाशी. 3,428 जणांपैकी 33 टक्क्यांना तिन्हींपैकी एकही उत्तर बरोबर देता आले नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांतही तिन्ही उत्तरे बरोबर देणारे निम्म्याहून कमीच होते.

यावरून ‘सावकाश तो विवेकी’ असा उलटा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण मानसशास्त्रज्ञ बागो आणि डे नेस यांच्या प्रयोगांत लोकांना आधी घाईने आणि मग सवडीने उत्तर द्यायचे होते; त्यांत अखेर बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकी अनेकांना ते घाईच्या पहिल्या फेरीतच सुचले होते. एक स्पष्टीकरण असे, की पुरेसे घोटलेले तर्काचे नियमही अंगवळणी पडतात आणि आपसूक वापरले जातात.