सिल्व्हिया: मद्रासहून सापडलेला लघुग्रह

अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी कर्जत लोकलने वांगणीला जाणाऱ्या मुंबईकर आकाशवेड्यांच्या तोंडी ‘प्रत’, म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, हा शब्द सतत असतो. टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळून कुणीतरी नकाशावर वाकलेलं असतं. "किती प्रतीचा आहे रे?" "बाराव्या. नुसत्या डोळ्यांनी नाही दिसायचा, दुर्बीण लाव." हे मोजमाप काटेकोर बांधून देणारा नॉर्मन पॉगसन आपल्याच देशात, मद्रासच्या वेधशाळेत, तीस वर्षं राबला. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा बरोबर शंभरपट तेजस्वी धरायचा, हा त्याचा १८५६ सालचा नियम.

तो १८६१ साली मद्रासला आला आणि त्याच वर्षी त्याला एक लघुग्रह सापडला. आशिया खंडातून सापडलेला पहिलाच, म्हणून नाव ‘एशिया’. मग १६ मे १८६६ रोजी सिल्व्हिया, क्रमांक ८७. त्या काळी फोटो काढून लघुग्रह शोधायची सोय नव्हती. नकाशातले ठिपके आकाशाशी ताडायचे, आणि एखादा जास्तीचा ठिपका दुसऱ्या रात्री सरकलेला दिसतो का ते पाहायचं. मद्रासच्या दमट हवेत हे काम किती चिकाटीचं असेल! आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत तेव्हा पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी चालू होत्या. लघुग्रहांचा नाद मद्रासचा.

सिल्व्हिया मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला फिरतो. सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे साडेतीन पट दूर, एका फेरीला साडेसहा वर्षं. गुरूला एक फेरी लागते तेवढ्यात ज्या कक्षेत दोन फेऱ्या होतील, तिथे गुरूच्या ओढीने पट्ट्यात पोकळी पडली आहे. सिल्व्हिया तिच्याही पलीकडे. अशा पोकळ्यांबद्दल अमेरिकेत डॅनियल कर्कवूडने मांडणी केली तीही १८६६ सालीच.

पुढे सव्वाशेहून अधिक वर्षं सिल्व्हिया नुसता ठिपकाच राहिला. २००१ मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीतून त्याच्याभोवती एक चंद्र दिसला. चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने २००४ मध्ये घेतलेल्या प्रतिमांत दुसरा सापडला, आणि २००५ मध्ये तो जाहीर झाला. दोन चंद्र असलेला माहीत झालेला हा पहिला लघुग्रह. चंद्रांची नावं रोम्युलस आणि रेमस, कारण रोमन कथेत त्या जुळ्यांची आई रिया सिल्व्हिया. फ्रेंच खगोलज्ञ फ्लामारियोंने हे नाव स्वतःच्या पत्नीशी जोडलं होतं, पण पॉगसनने शोध जाहीर करतानाच रिया सिल्व्हियाचा उल्लेख केला होता. माझ्या मते तिथे वाद मिटतो.

हे चंद्र मोलाचे. फेरीचा वेळ आणि अंतर कळलं की मधल्या पिंडाचं वस्तुमान काढता येतं. रोम्युलस साडेतेराशे किलोमीटरवरून, म्हणजे रेल्वेने मुंबई-दिल्ली जेवढं जवळपास तेवढ्या अंतरावरून, साडेतीन दिवसांहून थोड्या जास्त वेळात फिरतो. सिल्व्हिया स्वतः बटाट्यासारखा, लांबीला साधारण मुंबई-कोल्हापूर रस्त्याएवढा. हिशेब केला तर घनता पाण्याहून थोडीच जास्त निघते. म्हणजे आत बर्फ असावा, पोकळ्याही असाव्यात.

जानेवारी २०१३ मध्ये सिल्व्हिया एका ताऱ्यासमोरून गेला. युरोपभर विखुरलेल्या निरीक्षकांनी तारा लपला कधी, उजळला कधी, त्या वेळा टिपल्या. काहींच्या दुर्बिणीत तारा रोम्युलसनेही झाकला, आणि त्यावरून त्या चिमुकल्या चंद्राचा लांबुळका आकार कळला. त्यांत हौशी मंडळी मोठ्या संख्येने होती, वांगणीला येतात तशीच.