निश्चय आणि बेत: दोन्हीला आपण 'ठरवलं'च म्हणतो

"थंडी पडली की चालायला लागायचंच" हा निश्चय. "दूध आणलं की पिशवी ओट्यावर ठेवायची आणि चपला न काढता मेहरूण तलावाकडे निघायचं" हा बेत. पहिल्यात काय हवंय ते कळतं, दुसऱ्यात कुठल्या क्षणी उठायचं ते.

ही फोड जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात नीट मांडली. २००२ मध्ये ब्रिटनमधल्या २४८ विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकदा तरी २० मिनिटं दमवणारा व्यायाम केला का, एवढंच पाहायचं होतं. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं, त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांनी केला. हृदयविकाराची माहिती वाचून निश्चय वाढलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी. माहितीसोबत वार, वेळ आणि जागाही लिहून काढणाऱ्यांपैकी ९१ टक्क्यांनी. उत्तरं ज्याची त्याने दिलेली, त्यामुळे ९१ चा आकडा हातचं राखूनच घ्यावा. पण माहितीने मन वळलं, पाय हलले नाहीत. घरातल्या मंडळींना शुगरचा रिपोर्ट रोज वाचून दाखवणारे इथेच फसतात.

बेत बिघडतो तो बहुतेकदा खुणेपाशी, म्हणजे कशानंतर उठायचं ते ठरवताना. 'सकाळी' ही खूण नव्हे. सकाळ पाचलाही असते, दहालाही. नळाचं पाणीही नको, जळगाव-धुळ्यात ते रोज कुठे येतं? रोज न चुकता होणारं काम धरा: दूध, दात घासणं, देवपूजा. शिवाय डिसेंबरात साडेसातला जमणारं चालणं मे महिन्यात, पारा ४५ कडे सरकला की, बंद पडतं. उन्हाळ्याची खूण आधीच वेगळी लिहून ठेवा: उठून तोंड धुतलं की थेट बाहेर, चहा परत आल्यावर.

खाण्याच्या बाबतीत नकाराचा बेत उलटतो. "शेवभाजी दुसऱ्यांदा घेणार नाही" म्हटलं की डोक्यात शेवच घोळते. त्याऐवजी: ताट समोर आलं की आधी काकडी-मुळ्याची वाटी संपवायची, मगच भाकरी मोडायची. आणि एका वेळी एकच बेत. पाच लिहिले की एकही धड होत नाही.

मात्र निश्चयच नसेल तर बेत कोरडा. मुलाने वडिलांसाठी लिहिलेला कागद फ्रिजवर चिकटून राहतो, कारण वडिलांनी चालावं असं मुलाला वाटतंय, वडिलांना नाही. तिथे आधी विचारावं, "बाबा, तुम्हाला कशासाठी चालायचंय?" उत्तर गुडघ्याचं असो की केळीच्या बागेत पुन्हा फेरी मारण्याचं, खूण त्यांनाच निवडू द्यावी.