लेकराच्या हृदयाचं ऑपरेशन : योजनेचा अर्ज नेमका कुठं अडतो

इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, डॉक्टरांनी जन्मजात हृदयदोष सांगितला की घरात पहिली गोष्ट निघते शेत गहाण टाकायची. त्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना बघा. २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. राशन कार्ड पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही चालतं.

म्हणजे पात्रतेत सहसा कुणी अडत नाही, लेकराच्या कागदात अडतं. आठ दिवसांच्या लेकराचं नाव राशन कार्डावर येणार कुठून? तरी ‘नाव नाही’ म्हणून खिडकीवरून परत पाठवणारे महाभाग भेटतातच. नवजातासाठी जन्मदाखला, आई किंवा वडिलांचं राशन कार्ड व ओळखपत्र, आणि त्यांच्यापैकी एकासोबत काढलेला बाळाचा फोटो लागतो. नाव चढवायला आधी तहसीलला पळू नका.

खरा घोळ जन्मदाखल्याचा. बाळंतपण माहेरी, लेकरू जन्मलं पाथरीत आणि बाप दाखला मागतोय परतूरच्या नगरपालिकेत. जन्म जिथं झाला, नोंद तिथंच होते. दवाखान्यातलं बाळंतपण असेल तर दवाखानाच कळवतो. कळवलं का, हे सुट्टी होण्याआधी विचारून घ्या. २१ दिवसांचा अर्थही लोक उलटा लावतात. ती बिनाशुल्क नोंदीची मुदत आहे, तेवढं थांबायचं असं नाही. बारशाची वाट तर अजिबात बघू नका. नावाशिवाय नोंद होते, दाखलाही मिळतो. नाव वर्षभरात फुकट टाकता येतं.

दुसरी गाठ आईच्या नावाची. केसपेपरवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आणि राशन कार्डात तिचं नाव अजून तिच्या वडिलांकडंच. बाळंतपणाला भरती करतानाच आईचं नाव आधारप्रमाणे सांगा, लेकरासाठी वडिलांचं कार्ड लावा.

सिव्हिलमधलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासून पुढं पाठवतं. तिथली चिठ्ठी आणि इकोचा मूळ रिपोर्ट जपून ठेवा. मात्र योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात इतक्या लहान लेकराचं हृदयाचं ऑपरेशन होत नाही. निघण्याआधी आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) किंवा योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारा, नाहीतर गाडीभाडं वाया जातं.

योजनेत बसलं नाही तर मुख्यमंत्री सहायता निधी. तहसीलदाराचा १ लाख ६० हजारांच्या आतला चालू वर्षाचा उत्पन्न दाखला, खर्चाचं अंदाजपत्रक (खासगी दवाखान्याचं असेल तर सिव्हिल सर्जननं प्रमाणित केलेलं), रिपोर्ट, राशन कार्ड, भरती रुग्णाचा जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो आणि नवजातासाठी आईचं आधार. पैसे दवाखान्याच्या खात्यात जातात. बिल भरून, सुट्टी घेऊन मग अर्ज केला तर परतावा मिळत नाही. उधारउसनवारी करून आधी बिल भरणारी माणसं इथंच फसतात.

ओठ निळे दिसले, दूध ओढताना धाप लागली, अंग घामानं भिजलं, तर मुदती आणि कागद बाजूला ठेवा. तातडीच्या रुग्णासाठी योजनेतला दवाखाना फोनवरून मंजुरी घेऊ शकतो. ‘कागद घेऊन या’ म्हटलं तर गावाकडं एकानं जावं, लेकराला तिथून हलवू नये.